जुन्या मँडोलिनची वाजवी किंमत

नोकरीनिमित्त दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या संसारात दोन प्रकारच्या वस्तू असतात. शीतकपाट, कूलर, लोखंडी पलंग या पहिल्या प्रकारच्या. बदलीचा हुकूम आला की त्यांची किंमत घरातले कोणीही सांगू शकते. नव्याचा भाव ठाऊक असतो, वापराची वर्षे ठाऊक असतात आणि वजाबाकी करणे अवघड नसते. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंच्या किमतीचा विचार मात्र हुकूम हाती पडल्यावरच प्रथम मनात येतो. माळ्यावरच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून असलेले जुने वाद्य हे यांतले ठळक उदाहरण होय. ते वाद्य तंबोरा वा बाजाची पेटी असेल, तर चार जाणती माणसे तरी भेटतात. ते मँडोलिन असेल, तर विकणारा आणि घेणारा या दोघांमध्ये बहुधा एकालाच त्यातले काही कळते. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे, की अशा वेळी वाजवी किंमत कोणती, आणि ज्याला कळते त्याच्यावर, ज्याला कळत नाही त्याच्याविषयी, काही कर्तव्य येते काय.

प्रथम वस्तूचाच विचार करू. मँडोलिन हे मूळचे इटलीचे वाद्य. त्याच्या चार जोड्यांच्या आठ तारा व्हायोलिनच्याच स्वरांत लावतात. गोमंतकात आणि मुंबईत ते पाश्चात्त्य संगीताबरोबर आले आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रुळले. ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन हे स्वतः नामांकित मँडोलिनवादक होते आणि त्यावर हिंदुस्थानी राग वाजवीत. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी विजेवर चालणारे मँडोलिन कर्नाटक संगीताच्या बैठकीत प्रतिष्ठित केले. वाद्याला आपल्याकडे कुळ नाही असे म्हणता येणार नाही. तथापि मिरजेच्या तंबोऱ्याची पारख करणारे जसे घरोघर सापडतात, तसे मँडोलिनचे सापडत नाहीत, एवढे खरे.

वाद्याचा कस हा केवळ रसिकतेचा विषय आहे, ज्याच्या त्याच्या कानाचा आहे, असा एक समज आढळतो. तो सोयीचा आहे. कारण कसच जर व्यक्तिगत ठरला, तर किमतीबद्दल कोणी कोणाला जाब विचारू शकत नाही. वस्तुतः जुन्या मँडोलिनची बरीचशी परीक्षा डोळ्यांनी आणि बोटांनी करता येते. वाद्य डोळ्यासमोर आडवे धरून दांडीच्या कडेने पाहावे. ती किंचित बाकदार असेल तर चालते. पिळवटलेली असेल तर तिच्यावर सोपा इलाज नाही. सत्तर-ऐंशी किलोंच्या घरातला ताण या आठ तारा रात्रंदिवस धरून असतात. त्याखाली वरची तबली घोडीपाशी खचली आहे काय, हे बघावे. बारावा पडदा तारेचे बरोबर दोन भाग करतो. तेथे तारेला हलका स्पर्श करून काढलेला स्वर आणि तार पडद्यावर दाबून काढलेला स्वर एक यावेत. न आल्यास घोडी थोडी सरकवून पाहावी. तरीही न जुळल्यास दोष खोलवर आहे असे समजावे. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक जोडी वाजवून कोठे खरखर येते ते ऐकावे. छिद्रातून विजेरीचा प्रकाश टाकून आतल्या आधारपट्ट्या सुटल्या आहेत काय, ते पाहावे. छिद्राच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग गेल्या असतील तर तबली एकसंध लाकडाची; थर दिसले तर ती प्लायवुडची. या एका गोष्टीने किमतीत मोठा फरक पडतो.

दिल्लीच्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. मे-जूनच्या लूने लाकूड सुकते, आषाढ-श्रावणात ते पाणी पिते, आणि ही ओढाताण दरवर्षी सोसून सरसाचे सांधे हळूहळू सुटत जातात. म्हणून तबलीवरची चीर पाहताच वाद्य टाकाऊ ठरवणे जसे चुकीचे, तसे वरची चकाकी पाहून ते उत्तम मानणेही चुकीचे. नीट सांधलेली चीर वाद्याला मारक नसते. रंगाखाली झाकलेली चीर मात्र केवळ वाद्याचाच नव्हे, विकणाऱ्याचाही दोष सांगते.

एवढी परीक्षा झाली की आकडा पुष्कळसा आपोआप दिसू लागतो. समजा, त्याच तोडीचे नवे मँडोलिन १२,००० रुपयांस मिळते. पडदे घासणे, खुंट्या बदलणे आणि एक पट्टी चिकटवणे यांस ३,००० रुपये लागतील. राहिले ९,०००. दुकानदाराने पाठीशी उभे राहावे, तशी हमी येथे कोणी देत नाही, म्हणून आणखी काही वजा. लाकूड मुरून आवाज खुलला असेल, तर काही अधिक. सात-आठ हजारांच्या आसपास हा हिशेब थांबेल. हजार-पाचशेचे अंतर राहील आणि ते घासाघिशीने मिटावे. त्यात अनीती काही नाही. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो हा हिशेब दोघांपैकी एकालाच येतो तेव्हा.

येथे एक शंका प्रथम दूर केली पाहिजे. वस्तूची ‘खरी’ किंमत पुढे भलतीच ठरली, तर आधीचा व्यवहार अन्यायाचा होतो काय? अमेरिकेतील लोकसंगीताचे प्रसिद्ध वादक बिल मन्रो यांनी १९४० नंतरच्या दशकात फ्लॉरिडातील एका केशकर्तनालयात विकावयास ठेवलेले एक जुने मँडोलिन १५० डॉलरना घेतले. गिब्सन कंपनीचे ते १९२३ सालचे वाद्य होते. मन्रो यांनी पुढे सुमारे अर्धशतक ते वाजवले. १९८५ मध्ये कोणी घरात शिरून ते फोडले, तेव्हा कारखान्याने शेकडो तुकडे जोडून ते पुन्हा उभे केले. आज ते नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे आणि त्याचे मोल लाखो डॉलरांत मोजले जाते. परंतु ते मोल त्या दुकानात पडून नव्हते. मन्रोंच्या हाताने ते पुढे निर्माण केले. जे मूल्य विक्रीच्या क्षणी कोणालाच दिसत नव्हते, त्याचा वाटा विकणाऱ्याला दिला नाही म्हणून घेणाऱ्याला दोष देता येत नाही. आपला प्रश्न भविष्यातील मूल्याचा नसून, आज एकाला दिसणाऱ्या आणि दुसऱ्याला न दिसणाऱ्या मूल्याचा आहे.

या प्रश्नाला कायदा काय उत्तर देतो, हे शासकीय सेवेतील वाचकांस सांगावयास नकोच. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे सतरावे कलम केवळ मौनाला कपट मानीत नाही. परंतु परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे कर्तव्य ठरावे, किंवा मौन हेच बोलण्याबरोबरीचे व्हावे, तर मात्र मानते. कलमाखालची उदाहरणे कलमाहूनही बोलकी आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्याचा दोष ठाऊक आहे आणि तो गप्प राहतो: हे कपट नव्हे. पण घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे त्याच्यावर बंधनकारक होते. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’. येथेही मौन हे उत्तर होय. आणि दोन व्यापाऱ्यांमध्ये एकाला भावाची खाजगी बातमी असेल, तर ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही. अर्थात घोडा तोच, मौन तेच. भोवतालचे नाते बदलले की त्याच मौनाचा अर्थ बदलतो, हे कायद्यालाही मान्य आहे.

हा वाद कायद्याहून पुष्कळ जुना आहे. रोमन पंडित सिसरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिलेले असते. हे त्याने सांगावे काय? डायोजिनीझ म्हणतो, खोटे बोलू नये एवढेच बंधन आहे. अँटिपेटर म्हणतो, दडवणे हेही बंधन मोडणेच आहे. सिसरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडतो. त्याच ग्रंथात स्किव्होला नावाच्या विधिज्ञाची हकीकत येते. शेत विकत घेताना त्याने मालकाने सांगितलेला भाव ऐकला, शेताचे मोल याहून अधिक आहे असे सांगितले, आणि एक लक्ष नाणी वर घातली. हे सज्जनाचे कृत्य आहे, हे कोणी नाकारीत नाही. ते शहाण्याचे आहे काय, एवढाच लोकांना संशय, असे सिसरो नमूद करतो. दोन हजार वर्षांनंतरही आपल्या चाळींत, वसाहतींत आणि कचेऱ्यांत तोच संशय चालू आहे!

परंतु या विषयावरची सर्वांत मार्मिक कथा आपल्याच भूमीतली आहे. पाली जातकांतील तिसरी कथा दोन फेरीवाल्यांची आहे. दैन्यावस्थेला आलेल्या एका घरात आजी आणि नात राहतात. नातीला दागिना हवा असतो, आणि घरात एक काजळी चढलेले जुने पात्र पडलेले असते. ते सोन्याचे आहे, हे दोघींनाही ठाऊक नसते. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून सोने ओळखतो, ‘याला अर्धा मासाही कोणी देणार नाही’ असे म्हणून पात्र जमिनीवर फेकतो आणि निघून जातो. नंतर येऊन ते फुकटच घ्यावे, हा त्याचा बेत. दुसरा येतो आणि सांगतो, ‘आई, हे पात्र लक्ष मोलाचे आहे, माझ्या हाती असलेला सारा माल तेवढ्याचा नाही.’

कथा येथवर पुष्कळांना माहीत असते. पुढील तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्या प्रामाणिक फेरीवाल्याने लक्ष नाणी दिलीच नाहीत. जवळची पाचशे नाणी आणि पाचशेंचा माल एवढे त्याने दिले. नावेच्या भाड्यासाठी आठ नाणी, तराजू आणि पिशवी तेवढी मागून घेतली. हजाराला लक्षाचे पात्र! आकडाच पाहायचा, तर हा व्यवहार जबर नफ्याचा आहे. तरीही कथा त्याला बोधिसत्त्व म्हणते, आणि तसे म्हणताना ती क्षणभरही अडखळत नाही. कारण आजीने पात्र दिले ते ऐकून आणि जाणून दिले. दुसरा कोणी अधिक देईल, हे कळूनही तिने या माणसाला ते दिले. वाजवीपणा आकड्यात नव्हता. आकडा ठरण्यापूर्वी जे सांगितले गेले, त्यात होता.

‘वाजवी’ हा शब्दही हेच सुचवतो. तो अरबी ‘वाजिब’पासून आपल्याकडे आला, आणि वाजिब म्हणजे बंधनकारक, कर्तव्य म्हणून प्राप्त झालेले. वाजवी किंमत म्हणजे स्वस्त आणि महाग यांच्या बरोबर मधली किंमत, असे आपण समजतो. मूळ शब्द मात्र मध्याविषयी बोलत नाही, देण्याविषयी बोलतो. कचेरीच्या परिभाषेत सांगावयाचे, तर वाजवी किंमत म्हणजे सकारण किंमत होय. अधिकाऱ्याने दिलेला निर्णय बाजूने आहे की विरुद्ध, यावरून तो न्याय्य ठरत नाही. ज्याच्याविषयी निर्णय दिला त्याला दाखवता येतील अशी कारणे त्यात आहेत काय, हे पाहिले जाते. किमतीलाही हीच कसोटी लावावी. जो आकडा मी सांगतो, त्यामागची सर्व कारणे समोरच्याला ऐकवल्यावरही तो आकडा मला उच्चारता येईल काय? येत असेल, तर तो वाजवी. कारणे लपवली तरच टिकणारा आकडा, मग तो कितीही मोठा असो, वाजवी नव्हे.

या कसोटीवर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. पारख ही फुकट मिळत नाही. वर्षानुवर्षे वाद्ये हाताळून, चार वेळा फसून, ज्याने कान आणि डोळा कमावला, त्याने त्याचे फळ का घेऊ नये? वैद्य आपले ज्ञान विकतो, वकील विकतो. मग पारख्यानेच ते दान का करावे? वाद्यविक्याचा सारा धंदा या फरकावरच चालतो. लाहोरात १९२० साली निघालेली रिखीराम यांची वाद्यपेढी फाळणीनंतर कॅनॉट प्लेसला आली आणि नावारूपास चढली, ती या पारखीच्या व कारागिरीच्या बळावरच ना?

आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. दुकानदार जुने वाद्य घेतो, दुरुस्त करतो, जागेचे भाडे भरतो, ते विकले न जाण्याचा धोका पत्करतो आणि उद्या खुंटी निखळली तर तोंड दाखवतो. घेतलेल्या आणि विकलेल्या भावांतले अंतर हा या श्रमांचा मोबदला आहे, आणि तो तो उघडपणे सांगू शकतो. वैद्य आणि वकीलही फी सांगून घेतात. रोग्याला रोग नाही असे सांगून त्याचे घर स्वस्तात घेत नाहीत. आपल्या ज्ञानावर मिळवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अज्ञानावर मिळवणे वेगळे. पहिल्याचे देयक लिहून देता येते. दुसऱ्याचे लिहिता येत नाही, कारण लिहिताच अज्ञान संपते.

मग काय, प्रत्येक खरेदीत स्किव्होला व्हावे? मला तसे वाटत नाही. तीन प्रसंग वेगळे करून पाहू. दर्यागंजच्या वा नई सडकेच्या वाद्यविक्याने आपल्या मालाचा भाव कमी सांगितला, तर त्याचे अज्ञान दूर करण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर नाही. जाणणे हा त्याचा व्यवसायच आहे, आणि दोन व्यापाऱ्यांचे उदाहरण येथे लागू पडते. दुसरा प्रसंग भंगारवाल्याचा. शंभर वस्तूंतली एक म्हणून तो मँडोलिन ८०० रुपयांना देतो. त्याने पारख न करण्याचे स्वतःच ठरवले आहे आणि आपल्याला काही विचारलेले नाही. तो मागेल ते देऊन वाद्य घ्यावे. पण ‘काय हे लाकूड, याला कोण विचारतो’ असे म्हणून ८०० चे ५०० करू पाहणे हे त्या पहिल्या फेरीवाल्याचेच काम होय. घासाघीस करावी, वस्तूविषयी खोटे बोलू नये, ही तेथली मर्यादा.

तिसरा प्रसंग आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे आणि कसोटी लागते ती तेथेच. लोदी कॉलनीतील एखाद्या घरात निवृत्तीनंतर गृहस्थ वारले आहेत. मुलगा परदेशी; घर रिकामे करून पुण्याला जायचे आहे. पतीचे मँडोलिन काढून ती बाई त्यांच्या जुन्या सहकाऱ्यापुढे ठेवते आणि म्हणते, ‘भाऊजी, मला यातले काही कळत नाही. तुम्हीच सांगा काय द्यायचे ते.’ या एका वाक्याने व्यवहाराचे स्वरूपच पालटते. तोवर समोर एक घेणारा आणि एक विकणारी होती. आता समोर एक न्यायाधीश आहे, आणि दावा त्याचा स्वतःचाच आहे. स्वतःच्या प्रकरणात स्वतः निर्णय देऊ नये, हे तत्त्व तो तीस वर्षे फाइलींवर पाळत आला. येथे ते पाळण्याचे मार्ग दोनच. एक, दुसऱ्या जाणत्याला बोलावून किंमत ठरवावी. दुसरा, जातकातल्या फेरीवाल्याप्रमाणे बोलावे: ‘वहिनी, तबली एकसंध लाकडाची आहे, दांडी सरळ आहे, दुरुस्तीला तीन हजार लागतील. बाजारात याचे आठ हजार येतील. मी सहा देऊ शकतो. घाई करू नका, नोएडाला एक-दोन जणांना दाखवा.’ एवढे सांगून मग त्यांनी सहालाच दिले, तर त्या सहांत काही काळे नाही. न सांगता सात दिले, तरी त्या सातांत आहे.

परमुलुखात हा प्रसंग अधिक वेळा येतो, त्याला कारण आहे. गणेशोत्सवात आणि मंडळाच्या कार्यक्रमांत जमलेली ओळख आपण ‘आपला माणूस’ या दोन शब्दांत साठवतो, आणि आपल्या माणसाशी भाव करणे आपल्याला अप्रशस्त वाटते. भाव न करणे हे विश्वासाचे चिन्ह आहे. पण भाव न केल्यामुळेच विकणाऱ्याचे एकमेव संरक्षण नाहीसे होते. परक्याशी माणूस सावधपणे वागतो; आपल्या माणसापुढे शस्त्र ठेवून देतो. म्हणून आपलेपणा सवलत मागण्याचा हक्क नव्हे. तो बोलण्याचे बंधन आहे. तीच गोष्ट निकडीची. बदलीच्या हुकमातली तारीख, रिकामे करावयाचे घर, यांमुळे आठ हजारांची वस्तू चारांत सुटते. १९४७ च्या लोंढ्यात सीमेच्या दोन्ही बाजूंस माणसांनी दागिने आणि भांडी मिळेल त्या भावाने दिली. दुसऱ्याच्या घाईतून मिळालेली सवलत ही वस्तूच्या गुणांतून आलेली नसते. ती त्याच्या तोंडावर कारण म्हणून सांगून पाहावी, जीभ अडखळते.

विकणाऱ्याची बाजूही सोडून चालणार नाही. जोडलेली दांडी, रंगाखालची चीर त्याने सांगावी, हे उघड आहे. त्याहून सूक्ष्म चूक दुसरी आहे. ‘आमच्या नानांचे वाद्य’ म्हणून तो जो अधिक आकडा सांगतो, ते स्मृतीचे मोल असते. ते खरे आहे, परंतु ते घेणाऱ्याला मिळणार नाही. मग त्याने ते का द्यावे? स्मृती मौल्यवान असेल तर वाद्य विकू नये. विकायचे ठरवले, तर लाकूड, तारा आणि आवाज यांचीच किंमत मागावी.

मँडोलिनचे कान पिळून ते स्वरांत आणता येते. लावताना प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी जुळवाव्या लागतात. एक बरोबर लावून दुसरी सैल ठेवली, तर एकटीचा शुद्ध स्वरही बेसूर ऐकू येतो. किमतीचेही तसेच. घेणाऱ्याला जे ऐकू येते ते विकणाऱ्यालाही ऐकू आल्यावाचून आकडा कितीही अचूक असला, तरी तो वाजवी म्हणता येत नाही.